अर्बाबच्या बंदुकीची ठिणगी

बंदुकीचा घोडा खाली आपटला, खट्ट आवाज झाला, पण ठिणगी काही पडली नाही. अर्बाबने, म्हणजे माझ्या मालकाने, माझ्याकडे पाहिलं. मी बंदुकीकडे पाहिलं. आणखी एक शुक्रवार वाया गेला होता.

मी आखातात, गाला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर. पंप, शाफ्ट, गिअर हे माझं काम, बंदुका नव्हेत. पण अर्बाबच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी हट्ट धरला, की नातवाच्या लग्नात खानदानी शिकारी बंदुकीचा बार आपणच काढणार. बंदूक लायसन्सची, घराबाहेर न्यायची सोय नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी मीच बौशरला त्यांच्या घरी जायचो. आखातात आमची चर्चमधली रविवारची मिस्सा शुक्रवारी असते. तीही बुडत होती.

मला वसईला कायमचं परतायचं होतं. गुडघे गेले होते, बायको फिलोमिना घरी एकटी होती. राजीनामा देऊन झाला होता, पण मालकाने व्हिसा रद्द केल्याशिवाय तिथून सुटका नसते. अर्बाबचं उत्तर ठरलेलं. "विल्सन, पहले बंदूक, बाद में व्हिसा कॅन्सल."

या बंदुकीत काडतूस नसतं. घोड्याच्या तोंडात गारगोटी बसवलेली असते. चाप ओढला की ती समोरच्या पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या दारूवर पडतात आणि बार उडतो. एवढंच यंत्र, पण त्याने माझा जीव खाल्ला.

आधी स्प्रिंग ढिली वाटली, म्हणून नवीन बनवली. ठिणगी नाही. मग गारगोटी बोथट वाटली. अर्बाबने ओढ्यातून पिशवीभर आणल्या. त्या लावून पाहिल्या, तरी नाही. शेवटी वैतागून पट्टीवर कानस फिरवली, तर ती लोण्यासारखी लागली. कडक पोलादावर कानस घसरते. ही पट्टी मऊ पडली होती.

कारण घरातच होतं. दर ईदला म्हातारबाबा स्वतः बसून बंदूक पॉलिश पेपरने घासत. आरशासारखी चकचकीत. पट्टीवर कडक पोलादाचा पातळ थरच असतो; तो त्यांनी वर्षानुवर्षं प्रेमाने घासून काढला होता. अर्बाबला सांगितलं, तर तो हळूच म्हणाला, "बाबा को मत बोलना."

नाही सांगितलं. फक्त पट्टी सोडवून वर्कशॉपला नेली. कोळशाच्या भुकटीबरोबर लोखंडी डबीत बंद करून भट्टीत लाल केली आणि पाण्यात टाकली. याला केस हार्डनिंग म्हणतात. तडा गेला असता तर दुसरी पट्टी मिळणार नव्हती, आणि माझं वसईही लांबलं असतं. पाण्यात हात घालताना मी चक्क देवाचं नाव घेतलं. पट्टी शाबूत निघाली, काळी-निळी, डागाळलेली.

बंदुकीत परत बसवली, तर बाबांना ती मुळीच आवडली नाही. फडकं घेऊन घासायला बसले. मी त्यांचा हात धरला. "बाबा, इसको ऐसाच रखो. ये काला रहेगा तो बोलेगा." त्यांनी संशयाने चाप ओढला. ठिणग्यांचा झुबका उडाला. म्हाताऱ्याने फडकं खाली ठेवलं.

लग्नात गोळी न भरता नुसत्या दारूचा बार काढला. पहिल्याच फटक्यात अंगण दणाणलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. मी हलवा खात होतो, मनात बॅग भरत होतो. तेवढ्यात बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून मुलाला अरबीत काहीतरी म्हणाले. अर्बाब हसला. वडिलांचा शब्द त्या घरात कुणी मोडत नाही.

"बाबा बोलता है, इसको जाने मत दो. दो साल और, इन्शाल्ला."

फिलोमिनाला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढं चांगलं करायला तुम्हांला कुणी सांगितलं होतं?"

नोकरी सोडायची असेल, तर शेवटचं काम बेताचंच करावं. मला ते अजून जमलेलं नाही.