वडी संपायच्या आत

नलिनी मेस्त्रीच्या घरात कुठलीही वस्तू सुखासुखी संपत नाही. टूथपेस्टची ट्यूब आधी लाटण्याखाली जाते, मग कात्रीने उभी फाडली जाते, आणि त्यानंतरही तिचा नवरा काशीराम आठवडाभर त्यातच दात घासतो. शॅम्पूच्या बाटलीत ती पाणी घालायची, हलवायची, परत घालायची. शेवटी शेवटी डोक्यावर नुसतं वासाचं पाणी पडायचं. बाई कंजूष नाही हो, दारी आलेल्याला खाल्ल्याशिवाय उठू देत नाही. पण वाया घालवायचं म्हटलं की तिचा हात धजत नाही.

बाटल्यांशी तर तिचं जुनंच नातं. मरोळच्या एका कारखान्यात बावीस वर्षं तिने शॅम्पूच्या बाटल्यांना झाकणं बसवली, तीही उभ्याने. संध्याकाळी जोगेश्वरीला घरी यायची तेव्हा अंगठा असा ठणकायचा की कणीक काशीरामलाच मळावी लागायची. त्या झाकणांवर एकुलती एक लेक रुचिरा शिकली. शिकली ती थेट हॉलंडला गेली, कचऱ्यावर अभ्यास करायला! आईने जन्मभर ज्या बाटल्या बंद केल्या, त्या जगातून कमी कशा करायच्या, हे आता लेकीचं काम.

"कचऱ्यासाठी एवढ्या लांब कित्याक जातंस?" काशीराम तेव्हा म्हणाला होता. "आपल्या खिडकीखाली नालो आसा मा."

बापाचं मालवणी ऐकून रुचिरा हसली, आणि गेली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली ती बारा दिवसांसाठी. आल्या आल्या बाथरूममधली बाटली उचलून म्हणाली, "आई, तू जाशील, मी जाईन, पण ही इथेच राहणार. शेकडो वर्षं." नलिनीने बाटली तिच्या हातून घेऊन जागेवर ठेवली. आपल्या हातून अशा किती गेल्या असतील, याचा विचार मनात आला आणि तिने तो तिथेच सोडून दिला. काय करणार? त्यातल्याच काहींनी हिची कॉलेजची फी भरली होती.

निघताना रुचिराने तिच्या हातात एक गोल, हिरवी वडी ठेवली. शॅम्पूच, पण साबणासारखा घट्ट. ओल्या केसांवर फिरवायची, फेस काढायचा, धुवून टाकायचं. बाटली नको की पाऊच नको. वास कढीपत्त्याच्या जवळपासचा. विमानतळावर आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "रडू नको ना यार आई. ही वडी संपायच्या आत मी येते बघ."

झालं! लेकीने दिलेली वस्तू, मग काय विचारता. नलिनी वडी आठवड्यातून एकदाच काढायची, केसांवरून अलगद दोनदा फिरवायची आणि लगेच पुसून खिडकीच्या ग्रिलमध्ये वाळत ठेवायची. वाळली की जुन्या रुमालात बांधून कपाटात. काशीरामला हात लावायची परवानगी नव्हती. महिने गेले, वर्ष गेलं. फोनवर रुचिरा विचारायची, "आहे का गं वडी?" आणि ही अभिमानाने कॅमेऱ्यासमोर धरायची, "हे बघ, अर्धीसुद्धा नाही झाली!"

"भारीच आहेस तू," रुचिरा म्हणायची. "या वेळी सुट्टी नाही मिळत गं. पुढच्या वेळी बघू."

हे सगळं शेजारच्या जानकीने एकदा ऐकलं. जानकीच्या तोंडाला फाटक नाही. म्हणाली, "अगं बये, वडी संपायच्या आत येते म्हणालीय ना ती? मग तू ती पुरवून पुरवून वापरतेस? अक्कल कुठे गहाण टाकलीस? अशाने ती तुझ्या साठीलाच येईल!"

नलिनी हसली खरी, पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. तिला रुचिरा हवी होती. फोनमधली नको. ताटावर बसून भाजी मिळमिळीत झाली म्हणून तोंड वाकडं करणारी, टॉवेल ओला तसाच गादीवर टाकणारी, ती हवी होती. आणि आपण वेड्यासारखं तिचं येणं रुमालात बांधून ठेवलंय!

दुसऱ्या दिवसापासून बाईने रीतच बदलली. रोज न्हायची. वडी ओलीच, भोकं नसलेल्या साबणदाणीत, पाण्यात बसलेली. रविवारी मजल्यावरची चार पोरं ओळीने बसवून त्यांची डोकी चोळली. पोरं बोंबलत होती, ही फेसावर फेस काढत होती. मग काशीरामला धरलं.

"माझ्या डोक्यार केस उरलेत चार, तेंका शॅम्पू कित्याक गो?"

"गप बसा हो. डोळे मिटा."

तो बसला. बायको काय करतेय हे त्याला कळत होतं. न्हाऊन झाल्यावर त्याने वडी हळूच परत पाण्यात ठेवली. बावीस वर्षं एक झाकणसुद्धा वाया न घालवलेली ती बाई रोज त्या वडीकडे बघायची आणि आज किती झिजली हे बोटाने चाचपायची. वडी उचलून पुसायला हात पुढे व्हायचाच, पण ती तो मागे घ्यायची.

दोन महिन्यांत वडीची टिकली झाली आणि एका सकाळी तीही बोटांतून निसटून मोरीत गेली. नलिनीने ओल्या केसांनीच फोन लावला.

"रुचिरा, संपली गं!"

"काय सांगतेस! शेवटी संपवलीस तर!" रुचिराला कोण आनंद झाला. "थांब, बघते मी."

बघते म्हणाली. नलिनीने सुट्टीच बघणार असं धरलं. कपाटातली चांगली चादर धुऊन काढली, जानकीला सांगितलं, कोकम आणून ठेवलं. चौथ्या दिवशी बेल वाजली. दारात कुरिअरवाला. कागदी खोक्यात, कागदातच गुंडाळलेल्या तीन वड्या.

संध्याकाळी रुचिराचा व्हिडिओ कॉल आला. "मिळालं? आई, आता तिथे मुंबईतच बनतात, घरबसल्या मागवता येतात. प्लास्टिकचा एक तुकडा नाही बघ! तू वापरतेस तशा वापरल्यास तर पाच-सहा वर्षं बघायला नको."

एरवी नलिनी म्हणाली असती, बरं केलंस हो. तिने तोंड उघडलंही त्यासाठीच.

"ती अर्धी वडी मी दोन महिन्यांत घालवली," ती म्हणाली. "पाण्यात ठेवून. अख्ख्या मजल्याची डोकी धुतली. मुद्दाम."

"मुद्दाम? तू? का गं?"

"तू येशील म्हणून."

पलीकडे रुचिरा आधी हसायला गेली, मग तिचा चेहरा उतरला.

"आई, ते मी... तुझं रडू थांबावं म्हणून बोलले होते गं. असंच."

"मला काय ते ठाऊक नव्हतं होय?" नलिनी म्हणाली. "ठाऊक असूनच घासत होते."