पाटलांच्या बातम्यांना माझं शेपूट

हसायचं असेल तर शेवटी हसा. आधी माझी बाजू ऐका. निम्म्या किश्श्यापर्यंत तुम्ही माझ्याच बाजूनं असाल, पैज लावतो. पुढचं माझ्यावर सोडा.

भिवंडीतल्या एका छोट्या दैनिकात मी बातमीदार आहे. भिवंडीची महानगरपालिका झाली ती माझ्या डोळ्यांसमोर. किती आयुक्त आले नि गेले, भांडलो सगळ्यांशी. तर अशा माणसाला आमच्या संपादक शुभदाताई एक दिवस म्हणतात, "कर्णिक, उद्यापासून बातमी साच्यात लिहायची."

साच्यात? बातमी काय गणपतीची मूर्ती आहे?

"एक फाईल केलीय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवलीय. वर चौकटी आहेत. गाव, बातमीदार, मथळा, मजकूर. सगळ्यांनी तीच वापरायची."

"ताई, ही बातमी आहे की लग्नाची पत्रिका? रकाने भरून कुठे पत्रकारिता होते?"

त्या पुढे बरंच काही समजावत होत्या. मी ऐकलं नाही. मी बोलत होतो ना! एका वेळी दोन्ही कसं जमणार?

पण हुकूम तो हुकूम. त्याच दिवशी मी दापोड्याला जाऊन आलो होतो. गोदामांकडे जाणारा रस्ता असा, की कंटेनर डुलत डुलत जातात आणि शाळेची रिक्षा त्यांच्या चाकांमधून वाट काढते. रक्त उसळलं होतं. फोल्डर उघडला, साचा उघडला. त्या चौकटींना मी बोटही लावलं नाही. एंटर, एंटर, एंटर करत थेट खालच्या पानावर गेलो, मोकळ्या मैदानात! आणि तिथे लिहिलं. सुरुवातच सवालानं. ही माझी पद्धत.

'हे असेच किती दिवस चालणार? ग्रामस्थ आता गप्प बसणार नाहीत!'

मग खाली सगळा रस्ता, खड्ड्यासकट. सेव्ह केलं, प्रिंट काढली, पान लावणाऱ्या सलीमभाईंच्या टेबलावर ठेवली आणि ताठ मानेनं घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी अंक उघडला. माझी बातमी नाही! पहिल्या पानावर नाही, आत नाही, जाहिरातीच्या खालीसुद्धा नाही.

आणि गावांच्या पानावर काय?

हे पान आमच्या बळीराम पाटलांचं. मूळचे दिघाशीचे. तिथपासून पार गणेशपुरीपर्यंत सगळी गावं तेच बघतात. त्यांची पहिली बातमी भंडाऱ्याची. 'शेकडो भाविकांनी महाप्रसादाचा लाभ घेतला. हे असेच किती दिवस चालणार?'

मी चष्मा पुसला.

दुसरी बातमी मुख्याध्यापकांच्या निवृत्तीची. 'शाल व श्रीफळ देऊन त्यांना निरोप देण्यात आला. हे असेच किती दिवस चालणार? ग्रामस्थ आता गप्प बसणार नाहीत!'

तिसरी एका आजोबांच्या निधनाची. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना व नातवंडे असा परिवार आहे. हे असेच किती दिवस चालणार?'

आता मला सांगा, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय म्हणाला असतात? चोरी! उघड उघड चोरी! माझी बातमी दाबली आणि तिचे तुकडे करून वाटून खाल्ले!

ऑफिसात शिरलो तो थेट पाटलांसमोर. "काय पाटील, स्वतःची वाक्यं संपली वाटतं?"

"काय झालं, सायेब?"

"हे माझं वाक्य! भंडाऱ्यात शोभतं तरी का?"

पाटलांनी अंक पाहिला नि डोक्याला हात लावला. "अरं देवा! म्हनून सकालपासून फोन येतायत. त्या आजोबांचा मुलगा म्हनतो, आमी गप्प बसनार न्हाय म्हंजी काय करनार, तुमीच सांगा. सायेब, मी ह्ये लिवलं न्हाय."

"मग काय आकाशातून पडलं?"

मी सलीमभाईंकडे वळलो. "आणि तुम्ही? पान लावताना दिसलं नाही?"

"साब, आपकी फाईलच नाही आली. कागद आला होता, मला वाटलं तुमची टिपणं असतील." मग ते जरा थांबले. "आणि ते वाक्य... बुरा मत मानना, तशी वाक्यं तुमच्या बातमीत रोज असतात. नजर सरावलीय. जेवढं जागेत बसलं तेवढं ठेवलं, बाकी कापलं."

कापलं! ऐकलंत?

मी शुभदाताईंच्या केबिनमध्ये. मागोमाग पाटील. मी सरळ मागणी केली, चोरी करणाऱ्याचं प्रेस कार्ड काढून घ्या. पाटलांचा चेहरा उतरला. गावांत त्या कार्डावर त्यांची कामं होतात, पंचायतीत खुर्ची मिळते. त्यांनी खिशातून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"ताई, कार्ड ठिवा. माझं चुकलं आसंल तर परत नका देऊ. पन चोर म्हनू नका. आमच्यात कुनी चोर न्हाय."

ताई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "कर्णिक, कार्ड काढायचं तर तक्रार लेखी पाहिजे. द्याल?"

"आत्ता देतो! तुमच्या साच्यात देतो! म्हणजे नियमाची ओरड नको."

त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसलो. साचा उघडला. या वेळी एकेक चौकट भरली. बातमीदार: कर्णिक. मथळा: वाङ्मयचौर्याबाबत. मजकूर असा कडक, की पाटील वाचता वाचता बसलेच. प्रिंट दिली.

एक पान आलं. मी हात पुढे केला. तेवढ्यात दुसरं पान आलं.

ताईंनी दोन्ही उचलली आणि मोठ्यानं वाचलं, "...तरी सदर इसमावर कठोर कारवाई व्हावी, ही विनंती. हे असेच किती दिवस चालणार? ग्रामस्थ आता गप्प बसणार नाहीत!"



"बघा!" मी ओरडलो. "माझ्या तक्रारीतही घुसला!"

"सायेब," पाटील म्हणाले, "मी तर हितं तुमच्या फुडं बसलोय."

ताईंनी माऊस हातात घेतला, रिकामा साचा उघडला आणि खाली, अजून खाली गेल्या. दुसऱ्या पानावर दापोड्याचा रस्ता, कंटेनर, खड्डे आणि शेवटी माझं नाव.

"साचा आधी आपल्या नावानं वेगळा सेव्ह करायचा, मग लिहायचं," त्या हळूच म्हणाल्या. "सांगितलं होतं मी. तुम्ही बोलत होतात. आता जो कोणी साचा उघडतो, त्याला खाली तुम्ही फुकट मिळता."

दाराबाहेर सलीमभाईंना खोकला लागला. तो खोकला नव्हता.

मी टेबलावरचं कार्ड उचललं आणि पाटलांच्या हातात दिलं. "चुकलं माझं," म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच!

पाटलांनी कार्ड शर्टाला पुसलं, खिशात ठेवलं. "ऱ्हाऊ दे, सायेब. आता फकस्त त्या आजोबांच्या मुलाला फोन तुमी करा."

केला. वर तिन्ही बातम्यांचा खुलासाही लिहून दिला. कागदावर, पेनानं. इतका मनापासून लिहिला, की ताईंनी वाचून मान डोलावली. "सुरेख! असा खुलासा आपल्याला नेहमी लागतो. सामायिक फोल्डरमध्ये साचा म्हणून ठेवते."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? सगळं ऑफिस माझा मजकूर वापरणार! संध्याकाळी सगळे गेल्यावर मी हळूच ती फाईल उघडून पाहिली. अंकाची तारीख, जागा रिकामी. बातमीचा मथळा, जागा रिकामी. गाव, जागा रिकामी.

चूक कोणाची, तेवढं मात्र भरून ठेवलं होतं. कर्णिक.