सोमवारची गोळी

माझा कोणावर विश्वास नाही, आणि त्याचाच मला पगार मिळतो. भिवंडीत लूमवरून उतरलेलं कापड दिव्याच्या टेबलावरून ओढत मी दिवसभर डाग आणि तुटलेले धागे शोधतो. दोष सापडला की तो आला कुठून, हे काढायची आमची पद्धत साधी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी धाग्याची कांडी, मग उभे धागे गुंडाळलेला बीम. जे काढल्यावर दोष जातो, तेच गुन्हेगार. ही पद्धत कधी चुकत नाही, असं मी छाती ठोकून सांगायचो.

माझी बायको पहिलीच्या मुलांना शिकवते. तिचं अक्षर काय सांगू! तिने फळ्यावर काढलेला ‘अ’ पुसायला मलासुद्धा जिवावर येईल. दोन वर्षांपूर्वी सकाळी तिची बोटं वळेनाशी झाली. सांधे सुजायचे, खडू धरवायचा नाही. “मुळाक्षरं काढता येईनात, तर मी शाळेत जाऊन करू काय?” म्हणत ती रडली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. म्हणाल्या, हा सुजेचा संधिवात. शरीराचं रक्षण करणारी ताकद आपल्याच सांध्यांवर उलटली आहे.

“उलटली कशामुळे?” मी विचारलं.

“एकच कारण नाही सांगता येत. पोटातल्या जंतूंचा काहीतरी संबंध दिसतो. पण जंतू बिघडले म्हणून आजार होतो की आजारामुळे जंतू बिघडतात, यावर अजून शोध चालू आहे. तुम्ही त्यात पडू नका. गोळी चुकवू नका.”

गोळी आठवड्यातून एकदाच, सोमवारी. चुकून रोज घेतली तर घात, म्हणून डबा माझ्या ताब्यात. गुरुवारी जीवनसत्त्वाची वेगळी गोळी. दोन्ही बारीक, दोन्ही पिवळ्या.

त्या सगळ्या बोलण्यातलं मी एवढंच उचललं: जंतू. झालं! घरात माझं चेकिंग सुरू झालं. पाणी उकळायला लावलं. खारबावच्या भाजीवालीला दारातून परत पाठवलं. अकलोलीच्या गरम कुंडात बसवून आणा, असं कोणी म्हणालं, तर त्याच्यावरच खेकसलो, “तिथे कोणाचे जंतू कोणाच्या अंगाला लागतील!” मग नजर दह्यावर गेली. समोरच्या भाभीचं घर लूमवाल्या कोकणी मुसलमानांचं, आमचा वर्षानुवर्षांचा शेजार. आमचं दही बिघडलं की विरजण त्यांच्याकडून येतं. मी भांडंभर दही मोरीत ओतलं.

“अहो, काय हे! त्यांचं विरजण मागच्या महिन्यात आपल्याच वाटीतून गेलं होतं,” बायको म्हणाली. “जा आता, आमचे जंतू परत करा म्हणून सांगून या.”

मी ऐकतो कसला! दही बंदच राहिलं.

दोनेक महिन्यांत तिची बोटं सुधारली. खडू धरता येऊ लागला. दुसरा कोणी खूश झाला असता. मला संशय आला: सुधारली कशाने? दही बंद केल्याने की गोळीने? शिवाय गोळी घेतली की तिला दिवसभर मळमळायचं. ही गोळीच पोट नासवत असेल तर? एकेक बंद करून बघताना एवढी एकच गोष्ट उरली होती.

तिला सांगितलं असतं, तर ती नाही म्हणाली असती. मी सांगितलं नाही. सोमवारीसुद्धा जीवनसत्त्वाचीच गोळी तिच्या तळहातावर ठेवू लागलो. ती न बघता तोंडात टाकायची, माझ्या हातातून पाणी घ्यायची. असे सहा सोमवार गेले.

सातव्या आठवड्यात ती भर दुपारी शाळेतून परत आली. मनगटं सुजलेली, हात मांडीवर उताणे. दाराची कडी तिला लावता आली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गोळी नियमित घेता ना?”

“एकही सोमवार चुकला नाही,” बायको म्हणाली. “हे स्वतः देतात.”

“मग ही गोळी लागू पडत नाही. जबर इंजेक्शन सुरू करावं लागेल,” म्हणत त्या लिहायला लागल्या. पेन थांबवायला मला खरं सांगावंच लागलं.

परतताना रिक्षा धामणकर नाक्याला ट्रॅफिकमध्ये अडकली. माझ्याकडे न बघता बायको म्हणाली, “माझे हात म्हणजे तुमचं कापड वाटलं का हो?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोळी पुन्हा सुरू झाली, सूज उतरली. उजव्या हाताचं एक बोट मात्र वाकडं राहिलं ते राहिलंच. फळ्यावरचा ‘अ’ आता जरा कलतो. भाभीचं विरजण परत आलं, आणि पहिली वाटी बायकोने माझ्यापुढे सरकवली. मी मुकाट्याने खाल्ली.

सोमवारची गोळी अजून मीच देतो. ती घेते, खिडकीपाशी जाते, उजेडात उलटून पालटून बघते, पाकीट मागून घेऊन त्यावरचं नाव वाचते आणि मगच तोंडात टाकते. तोवर मी पाण्याचा पेला धरून उभा असतो.