अक्कांचा डबा
चिरोट्यांच्या तुपाचा वास आला की मला बसवनगुडीच्या त्या अक्का आठवतात. आतड्याचा कॅन्सर शौचावरून लवकर ओळखणाऱ्या नव्या चाचणीवर आमचं संशोधन चालू होतं. नमुन्यासाठी बोटाएवढी नळी दिली, तर अक्कांनी स्टीलचा डबाच भरून आणला! "स्वल्प दिलं तर तुम्हाला काय कळणार?" आम्ही नाक धरून हसलो. पण त्याच नमुन्यानं आतली गाठ अगदी सुरुवातीलाच पकडून दिली आणि ती वेळेत काढता आली. बऱ्या झालेल्या अक्का ताठ मानेनं लॅबमध्ये आल्या, हातात डबा! सगळे मागे सरकलो. "घाबरता काय? चिरोटे आहेत, डबा नवाय!" आम्ही तो चाटूनपुसून संपवला. आता ती चाचणी आमच्याकडे रोज होते, आणि कुणी डबा पुढे केला की मी अजूनही आधी विचारते, "नवा ना?"