वेंडेलच्या गाण्यातली गुणगुण

वेंडेल कॉर्कम वारला त्याला तीन आठवडे झाले होते. रविवारी दुपारी मोशर्स कोव्ह गावच्या फायर हॉलमध्ये, म्हणजे अग्निशमन दलाच्या सभागृहात, त्याच्या आठवणींचा कार्यक्रम ठरला होता. आदल्या दिवशी, शनिवारी, ओरिन झिंक स्वयंपाकघरातलं टेबल तिसऱ्यांदा पुसत होता. वेंडेलची बायको वर्ना यायची होती. येताना ती एक गाणं आणणार होती आणि ते गाणं ओरिनवर होतं.

वेंडेल नऊ वर्षं शिंपल्यांच्या बोटीवर होता. पुढे पाठ धरायला लागली तेव्हा तो हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ लोटणारी गाडी चालवू लागला. गाणी त्याला त्या गाडीत सुचायची. आजोबांच्या दर्यावरच्या चालींना त्याने इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमची जोड दिली. चर्चच्या जेवणात पहिल्यांदा ती गिटार लावली तेव्हा फ्यूज उडाला, आणि अंधारात म्हाताऱ्यांनी समाधानाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वर्षी तेच म्हातारे बूट आपटून ताल धरत होते. ओरिन त्याच्याबरोबर बास गिटार वाजवायचा, तोही स्पीकरच्या आडोशाला उभा राहून.

वेंडेलची गाणी गावातल्या माणसांवर असत आणि त्याचा एक नियम होता. ज्याच्यावर गाणं, त्याच्या स्वयंपाकघरात ते आधी म्हणायचं. त्या माणसाला न आवडलेली एक ओळ खोडायचा हक्क. का खोडली, ते विचारायचं नाही. मग हॉलमध्ये गाताना वेंडेल त्या ओळीच्या जागी दुसरे शब्द घालत नसे, नुसतं गुणगुणायचा. गावाला खरी गोडी त्या गुणगुणीचीच. पोस्टातल्या बाईंच्या गाण्यात कुठली ओळ खोडली, यावर तीस वर्षं वाद चालला होता.

ओरिनवरचं गाणं मात्र वेंडेलने कधी म्हटलंच नाही. ते आता गिटारच्या पेटीत, अस्तराखाली सापडलं. वर लिहिलं होतं, ‘ओरिनच्या स्वयंपाकघरात. धीर झाला की.’

त्यात काय असणार, हे ओरिनला ठाऊक होतं. निदान त्याला तसं वाटत होतं. एकोणीसशे शहात्तर साली मॉन्ट्रियलच्या एका रेकॉर्ड कंपनीने त्यांना बोलावलं होतं. वेंडेल, ओरिन आणि ड्रमवाला आल्डन असे तिघे आगगाडीत बसले. हॅलिफॅक्सच्या पुढे ओरिन कधी गेला नव्हता. पुढच्या ट्रूरो स्टेशनात गाडी थांबल्यावर तो म्हणाला, “चहा आणतो,” आणि उतरून थेट घरी आला. चार दिवसांनी वेंडेल परतला. “तिथं थंडी फार,” एवढंच म्हणाला, “शनिवारी सरावाला ये.” पुन्हा त्या विषयावर एक शब्द नाही. बासवाला पळाला म्हणून वेंडेलची संधी गेली, हे गावाने तोंडावर कधी म्हटलं नाही. ओरिन ते स्वतःच स्वतःला त्रेचाळीस वर्षं म्हणत आला होता.

वर्ना दार न वाजवता आत आली. “पुसून पुसून टेबलाचा रंग घालवशील. बस खाली.”

“चहा टाकू?”

“नको रे बाबा. तू चहाला गेलास की परत येत नाहीस.”

ओरिनचा चेहरा उतरला. “म्हणजे आहे त्यात.”

“आहे ना. ऐक आता. माझा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा, पण नियम म्हणजे नियम.” तिने चष्मा चढवला आणि सुरू केलं:

“ट्रूरोला गाडी थांबली, ओरिन म्हणे, चहा आणतो,
पाठीवर बास घेऊन, सांगा, कोण चहा आणतो?”

ओरिनने खाली मान घातली. वर्ना थांबली नाही.

“खिडकीतून मी बघत होतो, हाक मारली नाही,
त्याच्याआधी उतरायची माझी छाती झाली नाही.

ॲमहर्स्टला मीही उतरलो, मावशीकडे लपलो,
तिच्या हातचे मासे खाऊन मॉन्ट्रियलहून परतलो.”

ओरिनने मान वर केली. “काय? पुन्हा म्हण.”

“पुन्हा कसलं, ॲमहर्स्ट! ट्रूरोपासून दोन तासांवर! आल्डन झोपलेला, तो एकटाच पोचला मॉन्ट्रियलला. तिथंच लग्न केलं मेल्याने, पत्र म्हणून टाकलं नाही.” वर्नाने गळ्यातला लाल मफलर ओढून दाखवला. “आणि हा! ‘खास मॉन्ट्रियलचा’ म्हणून मला दिलेला. पुढच्याच कडव्यात आहे, मावशीच्या कोपऱ्यावरच्या दुकानातला. त्रेचाळीस वर्षं मी याची घडी जपून ठेवली, ओरिन. त्रेचाळीस वर्षं त्या माणसाने मला तिथल्या थंडीचं वर्णन ऐकवलं!”

ओरिनचे खांदे हलू लागले. वर्नाला वाटलं रडतोय, म्हणून तिने पाठीवर हात ठेवला. तो हसत होता. एवढा, की शेवटी टेबल पुसायच्या फडक्यानेच त्याला डोळे पुसावे लागले.

“मला एकदा सांगायचं तरी,” तो म्हणाला.

“धीर होत नव्हता. लिहिलंय की वर.” वर्नाने कागद पुढे सरकवला. “आता खोड एक ओळ. ॲमहर्स्टची खोडलीस तर गाव त्याला मॉन्ट्रियल गाजवून आलेला मानत राहील. आणि मफलरची खोडलीस तर बघ!”

ओरिनने पेन्सिल घेतली. ॲमहर्स्टवर थोडी घुटमळली, ट्रूरोवर नाही. मग ती शेवटच्या कडव्यावर गेली. तिथे लिहिलं होतं, ‘असा ताल धरणारा दुसरा कुणी भेटला नाही.’ त्याने ती ओळ नीट, सरळ रेघ मारून खोडली.

“अरे, तेवढंच तर चांगलं लिहिलंय तुझ्याबद्दल!”

“का खोडली, ते विचारायचं नाही,” ओरिन म्हणाला.

“बरं. मग उद्या तूच म्हणायचंस.”

“मी? वर्ना, मी आयुष्यात कधी—”

“बिजागरी ऐकायचीय का गावाला?”

रविवारी फायर हॉल भरला होता. माशांचं सूप होतं, काकवीची बिस्किटं होती. वर्ना पहिल्या रांगेत लाल मफलर बांधून बसली. ओरिन पहिल्यांदाच स्पीकरच्या पुढे उभा राहिला. आवाज बारीक निघाला, पण ताल चुकला नाही. चहाच्या ओळीला लोक हसले. ॲमहर्स्टला एवढा हशा उठला, की त्याला कडवं पुन्हा म्हणावं लागलं. मफलरच्या वेळी वर्नाने उभं राहून तो सगळ्यांना फिरवून दाखवला.

शेवटच्या कडव्यात ती जागा आली. ओरिन गुणगुणू लागला. वेंडेल तिथे जरा लांबवायचा, तसंच त्यानेही लांबवलं, आणि बघता बघता सगळा हॉल गुणगुणू लागला.

कार्यक्रम संपल्यावर फायर हॉलचा प्रमुख हिबर्ट सुपाचा वाडगा घेऊन त्याला कोपऱ्यात गाठायला आला. “पळालास ते ठेवलंस, तो लपला ते ठेवलंस. मग खोडलंस तरी काय? ट्रूरोला कुणी बाई होती का रे?”

ओरिनने बिस्किट चहात बुडवलं.

“ते सांगण्यासारखं नाही, हिबर्ट,” तो म्हणाला.