तुका काय व्हया?

कुणाचाबी आवाज काढ म्हणा, काढतो. सायबाचं खोकणं काढतो, भवानी पेठेतल्या घरमालकीणबाईंचं तेलुगू भांडण काढतो, त्या स्वतः दारात उभं राहून हसतात. मालवणी तेवढं काढ म्हणू नका. ती लग्न होऊन गेल्यापासनं ते बंद हाय.

ती मालवणकडची. तिच्या घरामागं समुद्र, आमच्या मंगळवेढ्यात मागंपुढं नुसती ज्वारी. सोलापूरजवळच्या चिंचोळीत आमच्या कंपनीत नवीन आली, कँटीनमध्ये डबा उघडला आन् मला म्हणाली, "तुका काय व्हया?"

मी म्हणालो, "व्हय."

"व्हय काय? काय व्हया?"

"व्हय म्हणलं की!"

शेजारचा म्हणाला, "आगं ताई, ह्याचं नाव तुका न्हाय."

हसून हसून तिला ठसका लागला. आमच्यात व्हय म्हणजे हो. त्यांच्यात व्हया म्हणजे पाहिजे. एवढं कळेपर्यंत तिचा बांगडा मीच संपवला होता.

मग मी तिची बोली उचलली. मला-तुलाचं माका-तुका, कुठंचं खंय, कशालाचं कित्याक. घरची आठवण आली की तिचं जेवणावरचं मन उडायचं. मी मालवणीत बडबडायला लागलो की जेवायची. म्हणायची, "अख्ख्या सोलापुरात तूच एकटो माज्या घरच्यासारखो बोलतंस." तेवढ्यावर मला लई काय काय वाटायला लागलं.

मे महिन्यात तिला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून ती गावी निघाली. मी स्टँडवर पोचवायला गेलो. आपल्या बोलीत सांगायचं धाडस होईना, म्हणून तिच्या बोलीत म्हणालो, "माका तू व्हया."

ती खदखदून हसली. "अरे देवा! अगदी आमच्या गावचो पोरगो! परत बोल, आवशीक धाडतंय." आईला पाठवायला म्हणून फोन माझ्या तोंडापुढं धरला.

मी परत बोललो. आवाज कापला.

"रडको आवाज काय मस्त काढतंस रे!"

"आगं, ही नक्कल..."

कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीतनं ती ओरडली, "काय?"

"काय न्हाय. जपून जा."

गाडी मंगळवेढ्याला पोचली असंल, तेव्हा तिनं आईचा आवाज मला पाठवला. मागं कोंबड्यांचा कलकलाट. "खंयचो गो ह्यो? आपल्यातलोच वाटता."

खाली तिनं लिहिलं होतं, "आवस पण फसली बग."

मी हसणारं तोंड पाठवलं.