सातवी ओळ रिकामी आहे

बातमी आली तेव्हा मी वहीत सत्यवानसाठी चार क्रमांकाची, म्हणजे खरे तर पाचवी, शंका लिहीत होते. तो दहा दिवस इस्पितळात होता. कावीळ उतरत नव्हती, पण उतरेल असे आम्ही सगळे गृहीत धरून होतो. तो परत आला की विचारायच्या म्हणून मी शंका साठवत होते, आणि शून्यापासून मोजण्याची सवय त्यानेच लावलेली असल्यामुळे त्यांना शून्य, एक, दोन असे क्रमांक देत होते. गोव्यातल्या साखळी गावी वेबसाइटी बांधणारे आमचे दोन खोल्यांचे कार्यालय आहे; त्याचे मालक उदयबाब आतल्या खोलीतून आले आणि दारातच थांबले. "टीचर, सत्यवान गेलो," ते म्हणाले. मी विचारले, "कुठे?"... तीस वर्षे भाषा शिकवलेल्या बाईला त्या एका क्रियापदाचा अर्थ लागायला निदान अर्धे मिनिट गेले असेल. चार क्रमांकाची शंका अर्धीच राहिली आहे. त्याला आता पाच आठवडे झाले.

सत्यवान मूळचा इब्रामपूरचा. शाळेसाठी तो साखळीला आत्याकडे राहायचा आणि आठवीत माझ्या वर्गात होता. मी मराठी शिकवत असे. पुढे घशाच्या दुखण्याने माझा आवाज बसला. मुळातही तो फार मोठा नव्हता. मागच्या बाकांना माझे शिकवणे ऐकू येत नाही, ही तक्रार मी पहिल्या वर्षापासून ऐकत आले होते. बावन्नाव्या वर्षी मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि घरी बसले. एक दिवस बाजारात तो समोर आला. काय करता, असे त्याने विचारले. काही नाही, असे मी सांगितले. तेव्हा तो हसून म्हणाला, "मगे आमच्याकडे येवा. हय बोलूचा लागणा नाय, टीचर. दिसभर स्क्रीनीकडे बघूचा आणि गप रवूचा. तुमका जमतला." थट्टा होती, पण तिच्यात माझी संपूर्ण ओळख होती. मी गेले. उदयबाबांना शुद्धलेखन तपासायला कोणीतरी हवेच होते. वेबसाइट बांधायला मला सत्यवानने शिकवले, रोज दुपारी जेवणानंतर एक तास.

तोंडाने विचारायला मला संकोच वाटे. आपल्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान असलेल्या, आपणच कधीकाळी ऱ्हस्वदीर्घासाठी उभ्या केलेल्या माणसाला "हे मला कळले नाही" असे म्हणणे मला जड जात होते. त्याने ते ओळखले आणि एक वही आणून दिली. मी शंका निळ्या शाईत लिहून ठेवायची, त्याने सवडीने लाल शाईत उत्तर लिहायचे. वर गुणही द्यायचा. "दहापैकी साडेपाच. हस्ताक्षर सुंदर, तर्क कच्चा," असे एकदा लिहिले होते. तो शेरा मी त्याच्या आठवीच्या वहीत लिहिला होता, शब्दशः. त्याने तो वीस वर्षे जपून ठेवला होता आणि आता व्याजासकट परत केला.

सर्वांत अवघड गेले ते यादीचे फॉर्म. साधा फॉर्म मला लवकर कळला: नाव, पत्ता, फोन, एवढीच घरे आणि ती ठरलेली. यादीच्या फॉर्मात किती ओळी असतील हे बांधणाऱ्याला आधी माहीत नसते. भरणारा माणूस "ओळ जोडा" हे बटण दाबतो आणि नवी ओळ उगवते; "ओळ काढा" दाबले की एक नाहीशी होते. प्रत्येक ओळ हा एक छोटा फॉर्मच, आणि तिच्या पोटात आणखी एक यादी असू शकते. आम्ही वापरत असलेल्या फ्रेमवर्कमध्ये हे बांधणे दिसते तितके कठीण नाही. कठीण आहे ते ओळीची ओळख ठरवणे. ओळ तिच्या जागेवरून ओळखली, म्हणजे ही तिसरी, ही चौथी, अशी, तर मधली एक काढताच खालच्या सगळ्या वर सरकतात आणि चौथी स्वतःला तिसरी म्हणवून घेते. म्हणून सत्यवान प्रत्येक ओळीला स्वतःचा असा एक न बदलणारा आयडी देई. "जागो बदलता, टीचर," तो म्हणायचा, "माणूस बदलता नये."

दोन वर्षांपूर्वी पेडण्यातल्या एका देवस्थानचे काम आमच्याकडे आले. चोपड्याच्या बाजूचे ते गाव सत्यवानचे आजोळ. त्याचे मामा तिथल्या समितीवर होते आणि त्यांच्याच शब्दामुळे काम मिळाले होते. गावातली जुनी घराणी वांगडांत, म्हणजे एका कुळाच्या घरांच्या गटांत, विभागलेली. जत्रेला प्रत्येक वांगडाचा नारळ ठरलेल्या क्रमाने देवापुढे जातो. क्रम म्हणजेच मान. ही नोंद ज्या वहीत होती तिला वाळवी लागली, म्हणून समितीला ती संगणकावर हवी होती: बाहेरची यादी वांगडांची, प्रत्येक वांगडाच्या पोटात त्याच्या घरांची. सत्यवानने ती मन लावून बांधली. कोडमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते, त्यावर तो खूश होता. "देवाचो पयलो मानकरी शून्य नंबराचो. मामाक सांगू नकात, माका गावाभायर काडतले." गावाबाहेर काढण्याची ती थट्टा मला पुढे फार वेळा आठवली.

ज्या शनिवारी मी चूक केली त्या शनिवारी तो वडिलांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी गेला होता. सोमवारी काम द्यायचे होते आणि उदयबाबांनी मला एकदा सगळे नजरेखालून घालायला सांगितले होते. सातव्या वांगडाच्या खाली एकही घर नव्हते. नाव होते आणि खाली मोकळे. मी शाळामास्तरीण, उत्तरपत्रिकेतली मोकळी जागा मला बघवत नाही. वहीत मी रीतसर शंका लिहिली: "सातव्या वांगडाखाली एकही घर नाही. ओळ काढू का?" त्याला फोन करावा, असे मनात आले. फोन हातात घेतलाही. पण तो इस्पितळात असेल, वडिलांजवळ बसला असेल, एवढ्याशा गोष्टीसाठी त्रास कशाला... आणि समजा, प्रश्न मूर्खपणाचा निघाला तर? मी फोन खाली ठेवला. पोटातली यादी रिकामी असेल तर ती ओळ जतन करताना वगळावी, असे दोन ओळींचे कलम मी कोडमध्ये घातले. ते पहिल्याच फटक्यात चालले. मला आनंद झाला, हेही लिहायला हवे. स्वतःच्या बुद्धीने लिहिलेले ते माझे पहिले कलम होते.

जत्रेच्या दिवशी समितीच्या चिटणीसांनी छापील कागदावरून मान पुकारले. सहापर्यंत ठीक झाले. सातव्या जागी पुकारले गेले ते आठव्या वांगडाचे नाव. मी तिथे नव्हते. पुढचे सत्यवानने सांगितले. आठव्या वांगडाचे म्हातारे प्रमुख जागचे हलले नाहीत. पुन्हा पुकारले, तेव्हा ते भर मंडपात ओरडले, "मेल्ल्यांच्या जाग्यार आमका उबे करतास? आमची घरां अजून जिती आसत!" त्यांनी नारळ दिलाच नाही. त्यांच्यामागून नवव्यानेही दिला नाही. दुपारी सुरू झालेला वाद दिवेलागणीपर्यंत चालला, आणि पालखी निघाली ती निम्म्या गावाशिवाय.

समितीची माणसे तिसऱ्या दिवशी आमच्या कार्यालयात आली. त्यांत मामाही होते. उदयबाबांनी आम्हा सर्वांसमोर विचारले, "हें कोणें केलां?" मी माझ्या खुर्चीत होते. ओठ उघडले होते, इतके आठवते. घशात काही तयार होण्याआधीच सत्यवान म्हणाला, "माझी चूक." आणि मी गप्प बसले. आवाज नसणे आणि गप्प बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयुष्यभर मी पहिलीच्या आड दुसरी लपवत आले होते, आणि त्या दिवशी ते फार सोयीचे ठरले.

ते गेल्यावर त्याने मला समजावून सांगितले, तेही न रागावता. "टीचर, तुमी आमका रिकाम्या जागा भरूक शिकयलात. ही रिकामी जागा भरूची नसता, काडूची पण नसता. त्या वांगडाचा एक पण घर उराक नाय, पण मान उरलो. पुजारी सातवो नारळ आपणच ठेयता, मातसो थांबता, आणि मगे आठव्याक बोलयता." मग म्हणाला, "कोडात त्या ओळीच्या वयर मी 'काडू नकात' असे दोन शब्द लिवूक होये होते. माझी पण चूक आसाच." मी सगळ्यांना खरे सांगेन, असे मी म्हणाले. "जावंदे. चार लोकांत तुमका बोलूक येणा नाय. आठवीत हजेरी पण तुमी हळू घेयत." ... मी "बरे" म्हणाले. मला सुटल्यासारखे वाटले. हे वाक्य लिहायला मला पाच आठवडे लागले.

देवस्थानने काम काढून घेतले. उदयबाबांनी सत्यवानला किनाऱ्यावरच्या हॉटेलांची पाने रंगवायला बसवले, आणि यादीचे सगळे फॉर्म माझ्याकडे दिले. "टीचर काळजीन करतात," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी ते ऐकून घेई. अडले की वहीत शंका लिही, आणि सत्यवान लाल शाईत उत्तर देई, पूर्वीसारखाच. पंधराव्या वर्षापासून तो आजोळच्या पालखीला खांदा देत असे. त्यानंतरच्या जत्रेला त्याला बोलावणे आले नाही. त्या दिवशी तो कार्यालयात बसून एका हॉटेलच्या जेवणाच्या यादीत मासळीची नावे भरत होता. मी डब्यातली सोलकढी त्याच्यापुढे केली. यापेक्षा जास्त काही मला सुचले नाही. त्याने ती घेतली.

बाराव्याला आम्ही इब्रामपूरला गेलो. अंगणात पाहुणे बसले होते. मामा कोणाला तरी सांगत होते, "बुद्धीन हुशार होतो भाचो, पण देवाच्या कामात हयगय केल्यान." ऐकणाऱ्याने मान हलवली. सत्यवानची आई दोन हातांवर होती; तिने खाली पाहिले. माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी संपवला आणि इतरांबरोबर गाडीत जाऊन बसले. माणूस जिवंत असताना गप्प राहिले, त्याला त्याचे औदार्य हे कारण होते. बाराव्याला गप्प राहिले, त्याला कोणतेच कारण नव्हते.

त्यानंतर मी वही पहिल्या पानापासून चाळली. त्या शनिवारच्या शंकेखाली त्याने केव्हातरी उत्तर लिहून ठेवले होते. जत्रेनंतरच लिहिले असणार. त्यापुढच्या शंकांच्या गर्दीत मी मागे वळून कधी पाहिले नव्हते. "सातव्या वांगडाखाली एकही घर नाही. ओळ काढू का?" आणि खाली लाल शाईत: "काढू नका, टीचर. पण शंका बरोबर. अर्धा गुण."

ती वही घेऊन मी मामांच्या घरी गेले. बोलायचे ते चार वेळा मनात घोकले होते, तरी मधेच अडकले; शेवटी वही उघडून पुढे केली. मामांनी ती बराच वेळ धरून ठेवली. "ह्या तेच्या हाताचा," ते म्हणाले. मग, माझ्याकडे न बघता, "दोन वर्सां मी तेका उंबऱ्यार पाय ठेवूक दिलंय नाय... टीचर, तुमी तेवां एक फोन केला आसता तर?" त्यांनी मला बसा म्हटले नाही, पाणीही विचारले नाही. आणि त्यांनी ते विचारले असते तर मला ते प्यायला जड गेले असते. दारापर्यंत आल्यावर त्यांनी विचारले, "आता गावाक कोण सांगतला?" मी म्हणाले, "बोलायला मला जमत नाही. लिहीन." तर हे लिहिले आहे. जत्रेची यादी सत्यवानने बरोबर बांधली होती. ती मी बिघडवली.

उदयबाबांनाही सांगितले. "आता कित्याक तो विषय, टीचर?" म्हणून ते आत गेले, आणि गेल्या सोमवारी नेहमीच्या स्वरात म्हणाले, "आमच्या पानावयली सत्यवानाची ओळ काडून उडयात. गिरायकां तेच्या नंबरार फोन करतात." आमच्या वेबसाइटवर काम करणाऱ्यांची यादी आहे, पाच ओळींची. त्याची तिसरी, माझी चौथी. मी ती उघडली. तिसऱ्या ओळीच्या टोकाला ते बटण होते. एकदा दाबले की तो जाणार आणि मी वर सरकून त्याच्या जागी येणार.

"नाही," मी म्हणाले. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "नाही. ती ओळ काढायची नाही."

मी त्या ओळीतला फोन नंबर पुसला, कोडमध्ये तिच्या डोक्यावर दोन शब्दांची सूचना लिहिली आणि जतन केले. तिसऱ्या जागी आता नुसते नाव दिसते. खाली मोकळे आहे.